गाडी मध्येच दम सोडते? जुन्या स्पोर्ट्स गाडीचं निदान करताना या चुका टाळा

तुळजापूरचा घाट लागला की माझ्या गाडीचं बिनसायचं. सोलापुरातून तामलवाडीपर्यंत गुमान पळणारी गाडी घाटात तिसऱ्या गिअरला, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा २,५०० ते ३,५०० च्या मध्ये आला की अडखळायची. पाय पूर्ण दाबलेला आणि गाडी विचारात पडलेली. ४,००० च्या पुढे गेली की पुन्हा थोडी सुटायची. गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटरचं टर्बो (हवा दाबून भरणारं) पेट्रोल इंजिन, कागदावर १५० अश्वशक्ती, मीटरवर १,८६,००० किलोमीटर.

त्या वर्षी एका गॅरेजच्या चार चकरा झाल्या. पहिल्यांदा प्लग बदलले, मग प्लगला वीज देणाऱ्या चारही कॉइल, मग हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर, शेवटी टाकीतला पेट्रोल पंप. बिलं जोडली तर ३८,००० रुपये. घाटातलं दुखणं होतं तिथेच. खरा दोष निघाला तो टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या रबरी पाइपात, क्लॅम्पच्या खाली लपलेली बोटभर चीर. वीस वर्षं उन्हात तापलेलं रबर दुसरं काय करणार! चीर सापडली कशी ते पुढे सांगतो. आधी ती इतके दिवस का सापडली नाही ते बघू, कारण या सगळ्या चुकांचं मूळ तिथेच आहे.

उभ्या गाडीला रेस देऊन बघणं

गॅरेजमध्ये गाडी लावली की मिस्त्री बॉनेट उघडतात, न्यूट्रलमध्ये रेस देतात, कान लावतात आणि म्हणतात, "साहेब, इंजिन एकदम ओके आहे की." बरोबरच आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनावर भारच नसतो. टर्बो दाब धरत नाही, सिलिंडरमध्ये हवा कमी भरते, पेट्रोल कमी लागतं.

कॉइलचं उदाहरण घ्या. सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितकी प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला वीज जास्त ताकदीची लागते. आतून तडा गेलेली कॉइल आयडलला (पाय न देता इंजिन चालू असताना) आणि रिकाम्या रेसला व्यवस्थित ठिणगी देते, आणि चौथ्या गिअरमध्ये २,५०० वर पूर्ण पाय दिला की लगेच मिसिंग करते, म्हणजे ठिणगी चुकवते. टर्बोची दाबलेली हवा नेणाऱ्या बूस्ट पाइपला चीर असेल तरी तसंच. दाब आला की चीर उघडते, दाब गेला की मिटते. अशक्त पेट्रोल पंप कमी मागणी असेपर्यंत निभावून नेतो आणि जोर मागितला की हात वर करतो.

म्हणून गॅरेजला जायच्या आधी एक कागद घ्या. दोष कोणत्या गिअरला, किती आरपीएमला, किती पाय दाबल्यावर, इंजिन थंड असताना की गरम, टाकी भरलेली की तळाला, एसी चालू की बंद, एवढं लिहा. "पिकअप नाही" हे वाक्य मिस्त्रीला काहीच सांगत नाही. "गरम इंजिन, तिसरा गिअर, २,५०० ते ३,५००, फक्त पूर्ण पाय दिल्यावर, झटका नाही पण ओढ कमी" हे वाक्य निम्मं निदान करून ठेवतं. कचकन झटके बसत असतील तर आधी ठिणगीकडे बघा. झटका नाही, नुसती ओढ बसते, तर हवा, पेट्रोल किंवा सायलेन्सरची वाट तपासा. हा काही शंभर टक्क्यांचा नियम नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं.

आणि मिस्त्रींना शेजारी बसवून घाटात न्या. पेट्रोलचा खर्च आपला. शहरात वर्दळीत असले प्रयोग करू नका, पहाटेचा मोकळा हायवे त्यासाठी बरा.

कोड वाचला, पार्ट बदलला

माझ्या गाडीत एकदा स्कॅनरवर पी०३०२ हा दोषाचा कोड आला होता, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. यावर चार कॉइल घेणं हा सगळ्यात महागडा उपाय. फुकटचा उपाय असा: दोन नंबरची कॉइल तीनला लावा, तीनची दोनला, आणि पुन्हा चालवा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच खराब. कोड दोनवरच राहिला तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर तपासा, मग कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो ते). एका वेळी एकच गोष्ट हलवायची. चार वस्तू एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कधीच कळत नाही आणि तीन चांगले पार्ट भंगारात जातात.

पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हा कोड दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलायची पद्धत आहे. अहो, तो निरोप्या आहे! "पेट्रोल कमी पडतंय" असा निरोप त्याने आणला, तर आधी पेट्रोल खरंच का कमी पडतंय ते बघायचं.

अजून एक सवय म्हणजे कोड लगेच पुसणं, किंवा बॅटरीची तार काढून 'रिसेट' मारणं. कोडसोबत कंप्युटरने त्या क्षणाची आरपीएम, भार, तापमान अशी नोंद ठेवलेली असते. पुसलंत की तीही गेली. शिवाय कंप्युटरने गाडीच्या झिजेनुसार शिकून ठेवलेलं सगळं शून्यावर येतं, त्यामुळे दोन दिवस गाडी बरी वाटते आणि आपण खूष होतो. मग दोष परत येतो.

ट्रिमचे आकडे, आणि उसाचा वाटा

गाडीच्या कंप्युटरला जोडायचा साधा ओबीडी डोंगल आणि मोबाइल एवढ्यावर फ्युएल ट्रिम दिसतो. कंप्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, तो हा आकडा. आयडलला ट्रिम बराच वर आणि २,५०० ला धरल्यावर शून्याजवळ आला, तर थ्रॉटलच्या (पायाने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढे इंजिन कुठून तरी न मोजलेली हवा चोरतंय. उलट आयडलला ठीक आणि भार वाढेल तसा ट्रिम वर चढतोय, तर पेट्रोल कमी येतंय किंवा एअर फ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय. माझ्या गाडीचं तिसरंच होतं. आयडलला ठीक, अर्ध्या थ्रॉटलला ट्रिम उणे. सेन्सरने मोजलेली हवा पाइपातून बाहेर सांडत होती आणि पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पडत होतं. प्लग काळे का झाले होते, याचं उत्तर इथे होतं. प्लग काळे दिसले म्हणून प्लग बदलले, ते काळे कशामुळे झाले हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

नेहमीचा नियम असा की ट्रिम दहा टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नको. पण आता पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवा लागते १४.७ भाग, या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे २००५ च्या कंप्युटरला तेवढ्याच हवेत आठेक टक्के पेट्रोल जास्त सोडावं लागतं. तेव्हा जुन्या गाडीत सगळीकडे सारखा अधिक सहा-सात ट्रिम दिसला तर तो दोष धरू नका. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहतो आपण, टाकीत थोडा ऊस असणारच. पण यामुळे पुढची गळती पोटात घ्यायला जागा कमी उरते, आणि बारीकसा व्हॅक्यूम लीकही (वर सांगितलेली हवेची चोरी) लवकर इंजिनाचा दिवा पेटवतो. जुने रबरी पेट्रोल पाइप मात्र जरूर बघा, ते या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत.

गळती शोधायच्या घातक पद्धती

व्हॅक्यूम लीक शोधायला चालू इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारणं मी डोळ्यांनी पाहिलंय. शेजारी लालभडक टर्बो, आणि वरून पेट्रोल! करू नका, करू देऊ नका. धूर सोडून गळती शोधायचं मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे जा, नाहीतर इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाशी हलक्या दाबाची हवा द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतात.

चालू इंजिनात एकेक कॉइल उपसून "कोणता सिलिंडर मेला" ते बघायची रीतही जुनी. एकतर झटका बसतो, आणि न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. तो आतून वितळून बुजला की मग वरच्या आरपीएमला गाडी गुदमरते, आणि एकाचे दोन दोष होतात. त्यापेक्षा इंजेक्टरच्या तारेचा प्लग काढा, पेट्रोलच जाणार नाही.

माझी चीर सापडली ती धुळीमुळे. अक्कलकोट रोडकडे एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी स्कॅनर नंतर लावला, आधी गाडी वर चढवून खाली टॉर्च मारला. पाइपावर सगळीकडे सोलापूरची कोरडी पिवळट धूळ आणि एका क्लॅम्पखाली हातभर काळा, ओलसर डाग. "टर्बोच्या हवेत तेलाचा अंश असतोच. हवा जिथून बाहेर येते तिथे तेल येतं आणि तेलावर धूळ बसते. गाडी धुवून का आणता रे तुम्ही लोक?" हे त्यांचं म्हणणं. मी चारही वेळा गाडी चकाचक धुवून नेली होती, इंजिनसकट. मग त्यांनी बूस्ट गेज जोडून हायवेला चक्कर मारली. अर्ध्या बारच्या वर जायला हवा तो काटा ०.२ वर लटकलेला.

धुळीवरून आठवलं. एअर फिल्टर कंप्रेसरने झटकून पुन्हा बसवू नका, कागदाला न दिसणारी भोकं पडतात. तेल लावलेला 'परफॉर्मन्स' फिल्टर असेल तर ते तेल एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं. ती तार केसासारखी असते, बोट किंवा फडकं लावू नका, तिचा वेगळा स्प्रे मिळतो. सेन्सर ठीक आहे का, याचा ठोकताळा म्हणजे पूर्ण जोरात अश्वशक्तीच्या साधारण ०.८ पट ग्रॅम हवा दर सेकंदाला दिसायला हवी. १५० च्या गाडीत १२० च्या आसपास.

इंजिनाचा दोष नसतोच, तेव्हा

चौथ्या गिअरला ५० च्या वेगाने पूर्ण पाय द्या. काटा उडाला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच सरकतोय, इंजिन बिचारं निर्दोष आहे. झिजलेलं इंजिन माउंटिंगही पाय घेताना-सोडताना असा दणका देतं की मिसिंगच वाटावं. वीस किलोमीटर चालवून चाकांजवळ हात न्या. एकच रिम भाजत असेल तर ब्रेक धरतोय.

आणि उंदीर! ज्वारीची पोती जिथे ठेवली तिथेच आपण गाडी लावतो. माझ्या मेहुण्याच्या सिटी व्हीटेकमध्ये उंदराने सेन्सरची तार अर्धी कुरतडली होती. अर्धी तुटलेली तार पूर्ण तुटलेल्या तारेपेक्षा वाईट, कारण ती कधी काम करते, कधी नाही. त्याच गाडीत इंजिन ऑइलही एकदा तळाला गेलं होतं. व्हीटेकचा वरच्या आरपीएमचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) ऑइलच्या दाबावर लागतो, तेल नाही तर वरची ओढ नाही. आठवडाभर सेन्सर शोधत बसलो, डिपस्टिक शेवटी काढली. याची लाज वाटते.

बॅटरीपासून इंजिनाकडे येणारी अर्थची पट्टीही याच यादीतली. गंजली की कधी कॉइल रुसतात, कधी सेन्सर खोटं बोलतात. मल्टिमीटरने पाच मिनिटांचं काम.

कॉम्प्रेशन शेवटी का तपासायचं?

खरं तर लवकर तपासायला हवं. दीड-दोन लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनात पार्ट घालायच्या आधी एकदा कॉम्प्रेशन बघा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, पेट्रोल आणि ठिणगी बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल मिटलेला ठेवून केलेली टेस्ट चारही सिलिंडर मेलेले दाखवते, आणि त्यावर इंजिन उतरवलेलं मला माहीत आहे. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा वीसेक टक्के खाली असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा बघा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

व्हॅक्यूम गेज (इंजिन किती जोराने हवा ओढतं ते दाखवणारं) असेल तर सोलापुरात पुस्तकातला आकडा जसाच्या तसा शोधू नका. समुद्रसपाटीला आयडलला पाऱ्याचे १७ ते २१ इंच येतं, आपण दीड हजार फुटांवर आहोत, म्हणून दीड इंच कमी धरा. २,५०० ला धरून ठेवल्यावर काटा हळूहळू खाली सरकत गेला तर सायलेन्सरची वाट बुजली आहे.

पाइप आणि दोन क्लॅम्प बदलल्यावर माझ्या गाडीचा घाटातला तो रुसवा गेला. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र ती अजूनही थोडी मंद वाटते. ४३ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सहा टक्के विरळ असते, इंटरकूलर तापलेला असतो, आणि इंजिन स्वतःला जपायला ठिणगी जरा उशिरा देतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात तुळजापूरला मी पहाटे पाचला निघतो.