लडाखमध्ये हिमस्तूप कसा उभारावा

हिमनद्या मागे हटत असल्याने लडाखच्या गावांत एप्रिल-मे महिन्यांत, पेरणीच्या ऐन तोंडावर, पाण्याची चणचण भासते. त्यावर लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी २०१३ च्या सुमारास हिमस्तूपाचा, म्हणजे हिवाळ्यातले पाणी बर्फाच्या शंकूत साठवण्याचा, उपाय पुढे आणला. गावाच्या वरच्या अंगाच्या ओढ्यातून नळ घेऊन तो आतले पाणी गोठणार नाही इतका खोल पुरावा. पंप लागत नाही; उताराच्या दाबानेच पाणी उभ्या नळाच्या टोकातून कारंज्यासारखे उडते आणि कडाक्याच्या रात्री थेंब काटक्यांच्या सांगाड्यावर गोठत शंकू वाढत जातो. शंकूचा उन्हाला सामोरा जाणारा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने कमी असल्याने बर्फ वसंतापर्यंत टिकतो. माझ्या मते सर्वांत जपायचे ते नळाला: प्रवाह थांबला, की आतले पाणी गोठून नळ तुंबतो. वितळलेले पाणी पिण्यासाठी गाळून, उकळूनच घ्यावे.