मधेच नांगर टाकायची वेळ आली तर: नव्या डेक कॅडेटसाठी

सीडीसी (खलाशाचं ओळख आणि नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), इंडॉस (खलाशाचा नोंदणी नंबर), एसटीसीडब्ल्यूचे (सक्तीच्या प्रशिक्षणाचे) कोर्स यांवर ढिगाने लिहिलेलं आहे, ते इथे उगाळत नाही. डेक कॅडेट, म्हणजे जहाजावर अधिकारी व्हायला शिकणारा पोरगा, पहिल्याच जहाजावर असताना कार्यक्रमात नसलेलं बंदर लागलं तर काय होतं, तेवढंच सांगतो.

मंगळूरहून वर येताना आमच्या इंजिनाने दगा दिला. हवा बिघडलेली, किनाऱ्यावर तीन नंबरचा बावटा लागलेला. कॅप्टनने रत्नागिरीसमोर नांगर टाकला. मी गुहागरकडचा. मोबाइलला रेंज आली, आईचा फोन लागला आणि डोक्यात एकच, आता झोप काढायची. प्रत्येक कॅडेटला असंच वाटतं. पोर्टशी व्हीएचएफ रेडिओवर बोलणं, बंदरातल्या कंपनीच्या एजंटाला मेल, लॉगबुकातल्या नोंदी हे वरचे लोक बघतात. तुमच्या वाट्याला येतो अँकर वॉच, म्हणजे नांगरावरच्या जहाजाचा पहारा, आणि तो चालत्या जहाजावरच्या वॉचपेक्षा कठीण असतो. चालताना सगळे जागे असतात. नांगरावर सगळे सैल पडतात.

आता सापळा. हा परिच्छेद दोनदा वाचा. जीपीएसचा अँटेना असतो ब्रिजवर (जहाज चालवतात ती वरची खोली), म्हणजे मागे. नांगर असतो पुढे. समजा १८० मीटरचं जहाज आहे आणि सहा शॅकल साखळी सोडली आहे. एक शॅकल २७.५ मीटर, म्हणजे साखळी १६५ मीटर. नाळेपासून (पुढे साखळी बाहेर पडते ते भोक) ब्रिजपर्यंत आणखी दीडशे धरा. खोलीमुळे थोडं कमी होईल, पण अँटेना नांगरापासून साधारण तीनशे मीटर मागे पडतो. भरती-ओहोटी साधारण दर सहा तासांनी उलटते, जहाज नांगराभोवती फिरतं आणि अँटेना पार पलीकडे जातो. नांगर तसूभर हललेला नसताना जीपीएसवर सहाशे मीटरचा फरक दिसतो. जीपीएसवर एक वर्तुळ आखतात, अँटेना त्याबाहेर गेला की अलार्म वाजतो. म्हणून त्या वर्तुळाचं केंद्र हवं नांगर पडला ती जागा: नांगर सुटला त्या क्षणाची पोझिशन, आणि त्यात हेडिंगच्या दिशेने नाळेपर्यंतचं अंतर मिळवायचं.

आमच्याकडे जहाज स्थिरावल्यावर अँटेनाच्याच जागी खूण केली गेली होती आणि अलार्मचं वर्तुळ दिलं होतं छोटं. ओहोटी लागली, अलार्म बोंबलायला लागला. नुसतं फिरतंय म्हणून कोणीतरी तो अर्ध्या मैलावर नेऊन ठेवला. वॉच माझ्या हातात आला तेव्हा अलार्म गप्प होता, म्हणून मीही गप्प. रात्री वारा वाढला, नांगर खरोखरच सरकायला लागला, तरी अलार्म गप्पच.

पकडलं ते आमच्या सारंगाने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने. मालवणचा म्हातारा, ब्रिजच्या विंगवर (बाजूच्या उघड्या सज्जावर) आला, गाल वाऱ्याला लावून मिनिटभर उभा राहिला आणि म्हणाला, “वारो एकाच बाजून लागता, बघलंस?” नांगर धरलेला असतो तेव्हा जहाज डोलतं, वारा एकदा डावीकडून लागतो, एकदा उजवीकडून. सरकत असलं की ते वाऱ्याला आडवं होतं आणि तसंच राहतं. मग त्याने मला किल्ल्यावरच्या दीपस्तंभाचं बेअरिंग (दिशेचा कोन) आणि रडारवरचं अंतर पाच-पाच मिनिटांनी लिहायला लावलं. कागदावर कमान उमटली तर फिरतंय, एकाच दिशेची रेघ उमटली तर घसरतंय. आमची रेघ होती. कॅप्टनला उठवलं. इंजिन अजून दुरुस्तीला उघडलेलं, म्हणून आणखी दोन शॅकल सोडल्या, दुसरा नांगर टाकला, तेव्हा कुठे जहाज धरलं. साखळीची थरथरही कळते, पण ती बघायला नाळेवर एकटं जायचं नाही. कोणी पाठवलं तरी नाही.

हे घाबरवायला सांगत नाही. पण रत्नागिरीकरांना बसरा स्टार माहीत आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ते जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं आणि पुढे कैक वर्षं तिथेच गंजत पडलं. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, मुंबई हायजवळ पी-३०५ बार्जचे नांगर टिकले नाहीत. बार्जवर २६१ माणसं होती, त्यातली कित्येक परत आली नाहीत. नांगर पाण्यात आहे म्हणून जहाज जागेवर आहे, असं कधीच धरून चालू नका.

ओरल्सच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, तयार नोट्स पाठ करून पास होता येतं, झालेले मी पाहिलेत. त्या नोट्समध्ये गाल वाऱ्याला लावणं नाही. चीफ मेटच्या (कॅप्टनच्या खालच्या अधिकाऱ्याच्या) मागे मागे करण्यापेक्षा सारंगाला चहा नेऊन द्या, असं माझं मत आहे. चीफ मेटला तुमच्यासाठी वेळ नसतो, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

आणि हो, कॅप्टनला उठवायला लाजू नका. मला घाम फुटला होता. पण खोट्या शंकेने उठवलं म्हणून कॅडेटची नोकरी गेलेली मी ऐकलेली नाही. फार तर शिवी बसते, ती सकाळपर्यंत विसरली जाते. पहिल्या वॉचला सगळ्यांचेच पाय लटपटतात, दोन-चार रात्रींत हात बसतो.

शेवटचं, आपल्या कोकणातल्या पोरांसाठी खास. घर दिसायला लागलं की उतरायचा मोह होतो, आणि एजंटाचा माणूस म्हणतो, “जा तू, सीडीसी कुरियरने पाठवतो.” अजिबात उतरू नका. सीडीसीत डिस्चार्जची (जहाज सोडल्याची) नोंद, कॅप्टनची सही आणि जहाजाचा शिक्का बघितल्याशिवाय जहाजाची शिडी उतरायची नाही. डीएनएसवाल्यांना (नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा करणाऱ्यांना) अठरा महिन्यांचा सी-टाइम (जहाजावर काढलेला काळ) दाखवायचा असतो. नोंद नसेल तर केलेले महिने सिद्ध करत ऑफिसांच्या पायऱ्या झिजवाल. ट्रेनिंग रेकॉर्ड बुकात नांगराच्या कामाच्या सह्याही त्याच आठवड्यात घ्या, कारण सही करणारा मेट पुढच्या बंदरात साइन ऑफ होऊन गेलेला असतो.