किल्ली न लावता गाडीतला टेप

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचं माप होईस्तोवर दुपार कलते. तोवर गाणी ऐकायला किल्ली कशाला फिरवून ठेवायची? बाहेरून बसवलेल्या टेपची पिवळी वायर थेट बॅटरीवर असते, लाल किल्लीवर. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. मग लाल वायर किल्लीच्या लाइनीवरून काढून पिवळीला फ्यूजच्या पुढं, टेपकडच्या बाजूला जोडा, पण मध्ये एक छोटं बटण टाकाच. मी नुसता पीळ मारला होता. टेप रात्रभर चालू राहिला अन् सकाळी पिकअप धक्का मारून काढावी लागली. किल्लीच्या लाइनीचं उघडं टोक चिकटपट्टीनं गुंडाळा. गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये रंगांचा भरवसा नाही, तिथं टर्मिनल सोडण्याआधीच मल्टिमीटर लावून बघा: किल्ली काढल्यावरही 12 व्होल्टच्या आसपास दाखवते ती बॅटरीची.