घरी बोर्डोची ब्लाइंड टेस्टिंग करताय? या चुका टाळा

बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं की ब्लाइंड टेस्टिंगची, म्हणजे लेबल झाकून वाइन चाखण्याची, तयारी झाली, असं बहुतेकांना वाटतं. मग मंडळी जमतात, एक बाटली फ्रिजच्या दारातून निघते, दुसरी गाडीच्या डिकीतून, शेजारी लसणाची शेव उघडलेली असते आणि तासाभरात ‘तीन नंबर भारी, पाच नंबर बेकार’ असा निकाल लागतो. त्या निकालात फ्रिजचा, शेवेचा आणि सगळ्यांत आधी बोललेल्या माणसाचा वाटा मोठा असतो, वाइनचा थोडा. पाच-सहा जणांचे पैसे घालून चांगली बोर्डो, म्हणजे फ्रान्सच्या बोर्डो भागातली वाइन, जमवली असेल, तर वाइन सोडून बाकी सगळं सारखं ठेवायला हवं. इंदूरच्या घरात हे कुठे कुठे फसतं, ते पाहा.

जे मिळालं ते मांडायचं

एक २०१० ची, एक २०१७ ची, एक साधी ‘बोर्डो’ लिहिलेली, एक पोमरॉलची आणि सोबत कुणीतरी आणलेली नाशिकची. अशा मांडणीतून मजा येईल, तुलना हाती लागणार नाही. एकच प्रश्न ठरवा. सर्वांत सोपा आणि बोलका प्रश्न म्हणजे डावा काठ की उजवा. जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर, मेडॉकमध्ये, जमीन खडी-वाळूची आहे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाचा जोर असतो. पोयॅक, मार्गो, सेंट ज्युलियन ही गावं तिथली. उजवीकडे दोर्दोन्य नदीपलीकडे सेंट एमिलियन आणि पोमरॉल येतात. तिथे चिकणमाती आणि चुनखडी जास्त, म्हणून मर्लो हे द्राक्ष पुढे. एकाच सालच्या तीन इकडच्या आणि तीन तिकडच्या घ्या. कॅबर्नेचा हिरड्यांना धरणारा तुरटपणा आणि मर्लोचा मऊ, भरलेला घोट यांतला फरक नवख्यालाही जाणवतो.

किमतीतही फार अंतर नको.

‘रूम टेम्परेचर’वर विश्वास ठेवायचा

आपल्याकडे सगळ्यांत जास्त नुकसान यानेच होतं. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांमधून आला आहे. बोर्डोला १६ ते १८ अंश लागतात. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो आणि रात्री दहा वाजताही भिंती गरम असतात. तीस अंशांवर ओतलेल्या बोर्डोत अल्कोहोल नाकात चढतं, फळाचा गंध शिजल्यासारखा होतो आणि सहाही ग्लास एकसारखे लागू लागतात. घाबरून बाटल्या थेट फ्रिजमधून टेबलावर आणल्या, तर उलटं होतं: गंध मिटून जातो आणि तुरटपणा कडवट लागतो.

उपाय सोपा आहे, फक्त शिस्त हवी. सगळ्या बाटल्या एकाच वेळी, फ्रिजच्या एकाच फळीवर ठेवा. दारात एक आणि मागच्या भिंतीला टेकून दुसरी असं नको. त्या दोन जागांमध्ये काही अंशांचा फरक असतो. मग सगळ्या एकदमच बाहेर काढा आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर एका ग्लासात बुडवून खात्री करा. वेळ कमी असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. नुसत्या बर्फापेक्षा त्यात बाटली लवकर थंड होते. थोडीशी जास्त थंड चालेल, कारण ग्लासात ती आपोआप वर येते. जास्त गरम झालेलीला मात्र टेबलावर इलाज नाही. एसी आधीच लावून ठेवा. आणि जमत असेल तर हा बेत डिसेंबर-जानेवारीतच करा. इंदूरची थंडी बोर्डोला फार मानवते.

घराचा वास विसरायचा

रोज त्या घरात राहणाऱ्याला घराचा वास येत नाही. संध्याकाळची उदबत्ती, डासांची कॉइल, हिंगाची फोडणी, मोगऱ्याचा गजरा, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या: यांतलं एक जरी खोलीत असलं तरी सिडार, ब्लॅककरंट, पेन्सिलच्या लाकडासारखा गंध हे बोर्डोतलं नाजूक काम बुडालंच. पाहुण्यांना अत्तर-परफ्यूम न लावता यायला सांगा. त्यात संकोच कसला? ग्लास एकाच आकाराचे घ्या, साबणाचा वास जाईपर्यंत गरम पाण्याने धुवा आणि उलटे ठेवलेले असतील तर आत हुंगून पाहा.

खाण्याचं इंदूरमध्ये सांगणं अवघड आहे, तरी सांगतो. शेव, मिक्स्चर, लोणचं, काहीही तिखट टेस्टिंग संपेपर्यंत टेबलावर नको. मिरचीनंतर टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरट घटक, खरखरीत लागतं आणि अल्कोहोल जाळतं. बडीशेप आणि पानही नंतर. बाजारचा ब्रेड बहुतेक वेळा गोडसर असतो, म्हणून मधेमधे तोंड साफ करायला तूप न लावलेला फुलका आणि साधं पाणी यांहून चांगलं मला काही सापडलेलं नाही. सराफ्यात रात्री उशिरापर्यंत खायला मिळतं. तिकडे टेस्टिंग संपल्यावर जा.

फक्त लेबल झाकायचं

गळ्यावरच्या फॉइलवर निर्मात्याचं चिन्ह असतं. बुचावर शातोचं, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्याचं, नाव आणि साल छापलेलं असतं. ते बूच टेबलावर पडलं की गुपित संपलं. फॉइल पूर्ण काढा, बुचं खिशात टाका, बाटल्या गळ्यापर्यंत जाड पिशवीत घाला. त्यानंतर बाहेरच्या माणसाने पिशव्यांची जागा बदलून वर नंबर लिहावेत, म्हणजे बाटल्या भरणाऱ्यालाही उत्तर ठाऊक राहत नाही.

एक ७५० मिलीची बाटली बारा जणांना ५० मिली देऊन दुसऱ्या फेरीसाठी १५० मिली ठेवते. तेवढं पुरे. सहा वाइन म्हणजे प्रत्येकी ३०० मिली होतात. सगळं गिळलं तर पाचव्या ग्लासाला न्याय मिळत नाही, म्हणून प्रत्येकाजवळ थुंकायला कागदी पेला ठेवा.

आधी बोलायचं, मग चाखायचं

घरातले मोठे काका किंवा ‘फ्रान्सला जाऊन आलेला’ मित्र म्हणाला, ‘दोन नंबरात चामड्याचा वास येतोय’, की पुढच्या मिनिटाला तो सगळ्यांना येऊ लागतो. यात कुणी खोटं बोलत नसतं. नाक सूचनेला इतकं सहज वश होतं की बोर्डो विद्यापीठातल्या ५४ विद्यार्थ्यांना रंग घालून लाल केलेली व्हाइट वाइन दिली, तेव्हा तिचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. हे संशोधन २००१ साली प्रसिद्ध झालं आणि ते विद्यार्थी वाइनचंच शिक्षण घेत होते.

म्हणून पहिली वीस मिनिटं शांतता. सगळे ग्लास एकदम भरा, एक ते सहा चाखा, मग सहा ते एक, कारण पहिल्या ग्लासाच्या वाट्याला कोरी जीभ येते आणि शेवटच्याच्या वाट्याला थकलेली. शंभरपैकी गुण देऊ नका. ८८ आणि ९० मधला फरक घरी कुणाला सांगता येणार? पसंतीचा क्रम लिहा, कागद गोळा करा, मग बोला.

याहून मोलाची एक गोष्ट: एकच वाइन दोन पिशव्यांत, दोन वेगळ्या नंबरांनी ठेवा, आणि हे कुणालाच सांगू नका. तीच वाइन एकाच माणसाच्या यादीत पहिली आणि पाचवी आली, तर त्या रात्री त्याच्या यादीतले बाकीचे फरकही तितकेच डळमळीत समजायचे. कागद उघडताना हेच आधी पाहा.

भारी नाव मागे पडलं की नाराज व्हायचं

बोर्डोच्या वाइनची १८५५ ची प्रसिद्ध श्रेणी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभावावरून लावली होती. उजवा काठ तिच्यात नाहीच, आणि वरच्या वर्गात मोठा बदल झाला तो १९७३ मध्ये, शातो मुतों रॉथशिल्ड पहिल्या वर्गात गेलं तेव्हा. तीनच वर्षांनी, २४ मे १९७६ ला, पॅरिसमध्ये झाकून चाखलेल्या रेड वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३ त्याच मुतोंच्या १९७० च्या पुढे गेली. तुमच्या टेबलावर स्वस्त बाटली पहिली आली, तर तो निकाल मान्य करा. सरासरीपेक्षा भांडण जास्त सांगतं: अर्ध्यांनी पहिली आणि अर्ध्यांनी शेवटची ठरवलेली वाइन पुन्हा ओतून पाहण्यासारखी असते.

काही बिघडलंच तर

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट तळघराचा वास आला, तर बूच खराब आहे. हवा देऊन तो जात नाही. वाइन अपायकारक नसते, पण तुलनेतून बाजूला काढा. एक जादा बाटली याचसाठी असावी. बूच वर सरकलेलं, गळ्यावर चिकट ओघळ आणि चव मनुकांच्या पाकासारखी असेल, तर बाटली कुठेतरी उन्हात तापली आहे. खरेदी करताना उन्हाळ्यात दुकानात बाटल्या कुठे ठेवतात, ते विचाराच.

वाइन नुसती तुरट, बंद वाटली तर ती बहुधा तरुण आहे. तासभर डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या भांड्यात, उघडू द्या. मात्र एकीला डिकँट केलं तर सगळ्यांना करा आणि तेही एकाच वेळी. जुन्या, वीसेक वर्षांच्या बाटल्या या बेतात मिसळू नका. हवेने त्या लवकर कोमेजतात. गाळ असेल तर बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, गळ्यामागे मोबाइलचा टॉर्च धरून सावकाश ओता आणि गाळ दिसताच थांबा. प्रवासातून नुकत्याच आलेल्या बाटलीला आधी काही दिवस विश्रांती द्या.

उरलेल्या वाइनला बूच लावून त्या फ्रिजमध्ये ठेवा, नंबर तसेच राहू द्या आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चाखा. पोयॅकसारख्या ताठ वाइन तेव्हा अनेकदा मोकळ्या होतात, आणि आदल्या रात्रीचा क्रम हलतो.