रूममेट जेवण टाळतेय असं वाटलं तर काय करायचं

रत्नागिरी असो, दापोली असो की लोणेरे, घर सोडून हॉस्टेलला नाहीतर कॉट बेसिसवर राहायला आलेल्या पोरापोरींचं जेवण बिघडतंच. मेसची पातळ आमटी, रात्री मॅगी, सबमिशनच्या नादात बुडलेला नाश्ता, ह्याला आजार म्हणत नाहीत. पण काहींचं खाण्याशीच वैर सुरू होतं, उपाशी राहणं, नाहीतर एकदम हावरटासारखं खाऊन मग उलटी काढणं, आणि हे बहुतेकदा ह्याच वयात सुरू होतं. ईटिंग डिसऑर्डर. तुमच्या रूमवर कोणाबद्दल अशी शंका येत असेल तर पुढचं वाचा.

सगळ्यात आधी पैशाचं विचारा. खरंच. मेसचं बिल थकलंय म्हणून रात्री "भूक नाही रे" म्हणणारी पोरं मी बघितलीत, त्यांना मानसोपचारतज्ज्ञ नको, दोन महिन्यांचा डबा हवा असतो. फक्त एक लक्षात ठेवा, एक वेळ उपाशी आणि मिळालं की भसाभस, हे चक्र लांबलं तर पुढे तेही आजाराकडे जाऊ शकतं.

पैशाचं कारण नसेल तर वजनाकडे बघत बसू नका, कारण बुलिमिया (हावरटासारखं खाऊन उलटी काढणं) किंवा बिंज ईटिंगवाली (ताबा सुटून खातच सुटणारी) व्यक्ती चारचौघांसारखीच दिसू शकते, जाडही असू शकते. बघायचे ते नियम. भात बंद, मग चपाती बंद, मग तेल दिसलं की ताट बाजूला, सगळ्यांसोबत जेवायला नको, जेवल्या जेवल्या बाथरूम, एक घावन जास्त खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे धावून त्याची शिक्षा. सोबत पाळी बंद होणं, उकाड्यातही थंडी वाजणं, चक्कर, गाल सुजल्यासारखे दिसणं.

आता उपासाचं बोलू, कारण आपल्याकडे सगळ्यात सोपी लपायची जागा हीच आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. सोमवार, संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, "उपास आहे" म्हटलं की पुढे प्रश्न विचारायची सोयच नाही, उलट कौतुक. पण घरची आजी उपास करते ती वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी चवीने खाते आणि सोडायची वेळ कधी होते ते बघत असते. रूममेटचे उपास वाढतच चाललेत, सोडायच्या वेळी नेमकं डोकं दुखतं, सण सरला तरी नियम तोच, तर तो उपास देवासाठी उरलेला नाही. पीसीओडीवाल्या (हार्मोन बिघडून पाळी पुढेमागे होणाऱ्या) मुलींचंही तसंच, डॉक्टर "वजन कमी कर" एवढंच बोलून मोकळे होतात आणि पोरगी पुढचं सगळं रील्सवरून शिकते. मुलगे तर "कटिंग चालू आहे", म्हणजे चरबी उतरवायला खाणं कमी केलंय, म्हणून सुटतातच, जिमला जातो म्हणून कोणी संशय घेत नाही.

अजून एक गोष्ट लोकांना कोड्यात टाकते. स्वतः काही खात नाही, पण रात्रभर रेसिपीचे व्हिडिओ बघते, दुसऱ्यांना करून घालते. हे नाटक नव्हे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता, तर ते दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागले, काहीजण तर पाककृती जमवायला लागले, चिडचिडे झाले, माणसांत मिसळेनात. म्हणजे ती माणूसघाणी झालीये असं वाटत असेल तर त्यातलं बरंचसं उपासमारच करत असते.

अंदाज घ्यायचा असेल तर डॉक्टर वापरतात ते स्कॉफ नावाचे पाच प्रश्न आहेत, १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेले. पोट फार भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढता का, खाण्यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोच्या वर वजन उतरलंय का, लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटतं का, आयुष्यावर खाण्याचंच राज्य आहे असं वाटतं का. दोन किंवा जास्त हो आले तर डॉक्टर गाठायचा. एवढ्यावरून निदान होत नाही, आणि मित्राची उलटतपासणी घ्यायला तर हे प्रश्न अजिबात वापरू नका.

बोलायचं कसं? ताटावर नाही. संध्याकाळी चालायला जाल तेव्हा, एकटीशी, आणि वजनाचं अक्षर न काढता. "अगं, तू हल्ली जेवायला आलीस की टेन्शनमध्ये दिसतेस, काय चाललंय?" एवढं पुरे. "खा ना गप", "बघ किती हाडं दिसतायत", आणि सगळ्यात वाईट म्हणजे "बारीक झालीस, मस्त दिसतेस", हे तिन्ही बंद. ती चिडेल, नाही म्हणेल, तर वाद घालू नका, आठवड्याने परत विचारा.

तयार झाली की आधी साध्या फिजिशियनकडे न्या, कोकणात हे सोपं पडतं, कोणी बघितलं तरी ताप आला म्हणून सांगता येतं. नाडी, बीपी, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि दिसायला ठणठणीत माणसाचेही हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मग मानसोपचार. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं की लोक दचकतात, तिकडे जायची लाज वाटत असेल तर १४४१६ ला फोन करा, टेली मानस, सरकारी आणि फुकट, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. बेशुद्ध पडली, छातीत धडधडतंय, जगायचं नाही असं बोलायला लागली तर मात्र वाट बघायची नाही, १०८ आणि सिव्हिल.

गणपतीला घरी जायच्या आधी तिला विचारून तिच्या आईच्या कानावर घाला. एकतर "काय गो, किती सुकलंस" म्हणणाऱ्या काकवा-मावश्यांना कोणीतरी आवरायला हवं, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या पोरीला मायेपोटी एकदम मोदक आणि वर तुपाची धार असं भरवायचं नाही. लांब उपासमारीनंतर अचानक भरपूर खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट झपकन उतरतं, जिवावर बेतू शकतं. किती खायचं, किती हळू वाढवायचं, हे डॉक्टर सांगतील तसंच.