एडमंटनचा ट्रान्झिटचा इतिहास एका दिवसात कसा बघायचा (नजर पायरीवर ठेवा)

कॅनडातल्या एडमंटनला गेलात आणि ट्राम-बसचं थोडंफार वेड असेल तर एक अख्खा दिवस काढा. युक्ती साधी आहे, दर वेळी गाडीत चढताना पाय कुठून कुठे टाकावा लागतो तेवढं बघायचं, अर्धा इतिहास तिथेच कळतो.

सुरुवात नदीच्या दक्षिणेला ओल्ड स्ट्रॅथकोनातून करा. तिथून हाय लेव्हल ब्रिजवरून जुनी ट्राम जाते, पण फक्त उन्हाळ्याच्या सीझनमध्ये, म्हणून टाइमटेबल आधी बघून ठेवा, नाहीतर बंद डेपो बघून परत याल. गाड्या हौशी लोक चालवतात, त्यात मेलबर्नची आणि ओसाकाचीही ट्राम आहे. इथे पायरी चढून आत जायचं. शहरात ट्राम आली १९०८ ला, हा पूल झाला १९१३ ला, वरच्या मजल्यावर मधे रेल्वे आणि दोन्ही कडांना ट्राम. आणि गंमत बघा, पुलावर ट्राम डाव्या बाजूने जायच्या, म्हणजे उजवीकडचं दार पुलाच्या आतल्या अंगाला यायचं, कारण नेहमीसारखी उजव्या बाजूने जाताना मधेच गाडी बंद पडली आणि माणूस दारातून उतरला तर थेट नदीच की! मधल्या भागात खिडकीतून खाली बघाच, मग हे नीट पटतं.

१९५१ ला ट्राम बंद झाल्या. १९३९ पासून ट्रॉलीबस (वरच्या तारांमधून वीज घेणाऱ्या बस) होत्या, त्याही २००९ मध्ये गेल्या. वाईट वाटतं, पण आता वर तारा शोधत बसू नका.

पलीकडे उतरून गव्हर्नमेंट सेंटर स्टेशनपर्यंत चालत जा. २०२१ पर्यंत याचं नाव ग्रँडिन होतं, ग्रँडिन या बिशपचा रेसिडेन्शियल स्कूलशी (आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या शाळांशी) संबंध होता म्हणून बदललं. इथून एलआरटीने (लाइट रेल, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे) उत्तरेला जायचं, आर्क कार्ड (तिकिटाचं कार्ड) टॅप करायला विसरू नका. इथे पायरी नाहीच, प्लॅटफॉर्मच गाडीच्या फ्लोअरएवढा उंच. ही लाइन २२ एप्रिल १९७८ ला सुरू झाली, त्याच ऑगस्टमध्ये कॉमनवेल्थ गेम्स होते. दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरात एलआरटी, नॉर्थ अमेरिकेत हे पहिल्यांदाच! पैसे वाचवले ते असे की डाउनटाउनपुरता बोगदा खणला आणि पुढे मालगाडीच्या रुळांशेजारून लाइन नेली. म्हणून चर्चिल स्टेशननंतर पुढच्या सीटवर बसा, गाडी अंधारातून बाहेर येते आणि बाजूला रेल्वेची जागा दिसायला लागते. स्टेडियम स्टेशनला उतरून परत फिरलात तरी चालेल, पुढे बेल्व्हेडिअरपर्यंत गेलात तर मूळची लाइन पूर्ण होते.

आता चर्चिलला उतरून वर रस्त्यावर या आणि व्हॅली लाइन ही एलआरटीची नवी लाइन पकडा. ही नोव्हेंबर २०२३ ची, खूप उशिरा सुरू झाली, खांबांना तडे गेले होते त्यामुळे लोक वैतागले होते. पण पायाकडे बघा, फुटपाथपेक्षा जरासाच उंच प्लॅटफॉर्म आणि सरळ आत. १९५१ ला जी रस्त्यावरून हटवली ती ट्रामच हो ही, नाव बदलून परत आलेली, माझं तरी तसंच मत आहे. मटार्ट स्टॉपला उतरा आणि तवातिनाव ब्रिजखालच्या पादचारी रस्त्याने मागे चालत या. छतावर आदिवासी संस्कृतीशी जोडलेली चित्रं आहेत आणि डोक्यावरून ट्राम जाताना पूल गुरगुरतो.