मिल बिघडली की ‘नो केन’? डेटाबेसचा लेखनवेग अडतो तेव्हा कुठे शोधावं

साखर कारखान्यात गाळप थांबलं की शिफ्टच्या नोंदवहीत कारण लिहावं लागतं. मिलमध्ये बिघाड असेल तर तो लिहायचा, ऊसच आला नसेल तर ‘नो केन’. गव्हाण दोन्ही वेळा थांबलेलीच दिसते, पण एकदा फिटरला बोलवायचं असतं आणि एकदा तोडणी टोळ्यांना फोन करायचा असतो. सांगली जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तरीही डिस्ट्रिब्यूटेड डेटाबेसची, म्हणजे अनेक मशीनवर मिळून चालणाऱ्या डेटाबेसची, चाचणी घेताना आपण हाच फरक विसरतो. आकडा कमी आला की लगेच डेटाबेसच्या सेटिंगची फाइल उघडतो.

आमचं काम द्राक्षबागांचं. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागातल्या बागांमधल्या यंत्रांकडून तापमान, आर्द्रता, पानांवरचा ओलावा अशा नोंदी येतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला तर डाऊनी या बुरशीच्या रोगाचा धोका या नोंदींवरूनच ओळखायचा असतो, आणि नेमकं अशाच रात्री मोबाईलचं नेटवर्क जातं. सकाळी ते परत आलं की सगळी यंत्रं साठवलेल्या नोंदी एकदम पाठवतात. समजा २,००० यंत्रं आहेत, प्रत्येकाची मिनिटाला एक नोंद आहे आणि नेटवर्क १० तास गेलं होतं. म्हणजे १२ लाख नोंदी. त्या दोन मिनिटांत आत घ्यायच्या तर सेकंदाला १०,००० नोंदी लिहून व्हायला हव्यात. चाचणी सुरू करण्याआधी असा स्वतःच्या गरजेचा आकडा कागदावर लिहा. तो नसेल तर कुठे थांबायचं हे कधीच कळत नाही.

पुढची उदाहरणं कॅसँड्रा या डेटाबेसची आहेत. शोधण्याचा क्रम मात्र इतर डेटाबेसनाही लागू पडतो.

आधी ऊस पुरेसा येतोय का ते बघा

चाचणीत नोंदी पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला लोड जनरेटर म्हणतात. कॅसँड्रासोबत कॅसँड्रा-स्ट्रेस मिळतो. याहूने २०१० मध्ये पुढे आणलेला वायसीएसबी अनेक डेटाबेसवर चालतो. हा प्रोग्रॅम डेटाबेसच्याच एखाद्या मशीनवर चालवू नका, तो त्या मशीनचा सीपीयू खातो. स्वतंत्र मशीनवर चालवताना तिथलाही सीपीयू बघा, आणि तोही कोअरनुसार. सरासरी २५ टक्के दिसत असताना चारपैकी एक कोअर १०० टक्के भरलेला असू शकतो.

सर्वात खात्रीची परीक्षा साधी आहे: तोच लोड जनरेटर दुसऱ्या मशीनवरून जोडीला सुरू करा. दोघांचा मिळून आकडा वाढला, तर अडथळा डेटाबेसमध्ये नव्हताच. ही परीक्षा झाल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर एकाच वेळी किती रिक्वेस्ट उडवताय ते मोजा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम इथे थेट उपयोगी पडतो: एका वेळी आत असलेल्या रिक्वेस्ट म्हणजे थ्रूपुट (सेकंदाला पूर्ण होणाऱ्या रिक्वेस्ट) गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ, म्हणजे लेटन्सी. एका वेळी ५० रिक्वेस्ट आणि प्रत्येकीला ५ मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला १०,००० च्या वर तुम्ही जाऊच शकत नाही, मग मागे सहा मशीन असोत की साठ. म्हणून ५०, १००, २००, ४०० अशी संख्या वाढवत न्या आणि दर वेळी थ्रूपुट व लेटन्सी दोन्ही लिहा. थ्रूपुट वाढतंय आणि लेटन्सी फारशी हलत नाही, तोवर ऊस कमी पडतोय. थ्रूपुट जागेवर राहून फक्त लेटन्सी वाढू लागली की मिल भरली. आता डेटाबेसकडे वळायला हरकत नाही.

सगळ्या मशीनना सारखं काम मिळतंय का

सगळ्या नोड्सचा, म्हणजे डेटाबेसच्या मशीनचा, सीपीयू आणि डिस्क एकाच वेळी शेजारी-शेजारी लावून बघा. काही घामाघूम आणि बाकीचे निवांत असतील, तर दोष बहुतेक पार्टिशन कीचा असतो. कोणती नोंद कोणत्या नोडवर जायची हे ही की ठरवते.

आमच्या पहिल्या टेबलात की म्हणून फक्त तारीख होती. वाचायला सोयीची वाटली म्हणून तशी ठेवली. परिणाम असा की आजच्या सगळ्या बागांच्या सगळ्या नोंदी एकाच पार्टिशनमध्ये, म्हणजे एकाच गटात, जात होत्या. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती ठेवायच्या असल्याने त्या ठरलेल्या तीन नोड्सवरच पडत होत्या, उरलेले तीन रिकामे. तीन नोड्सचे सहा केले तरी आकडा हलला नाही, तो याच कारणाने. यंत्राचा क्रमांक आणि तारीख अशी दोन्ही मिळून की केल्यावर काम सहाही नोड्सवर वाटलं गेलं. कॉक्रोचडीबीसारख्या डेटाबेसमध्ये हीच अडचण चढत्या क्रमांकाच्या प्रायमरी कीमुळे येते, कारण नवी नोंद नेहमी शेवटच्याच तुकड्यात जाते.

बॅचही तपासा. वेगवेगळ्या पार्टिशनच्या शंभर नोंदी एका बॅचमध्ये बांधल्या की वेग वाढेल असं वाटतं. कॅसँड्रात उलट होतं: ती बॅच घेणाऱ्या एका नोडवर सगळ्यांना वाटप करण्याचा भार पडतो. सुट्या नोंदी समांतर पाठवणं बरं.

डिस्क, आणि दहा मिनिटांची फसवी चाचणी

कॅसँड्रा आलेली नोंद डिस्कवरच्या कमिटलॉगमध्ये जोडतो आणि मेमरीतल्या मेमटेबलमध्ये ठेवतो. मेमटेबल भरला की त्याची डिस्कवर फाइल होते, तिला एसएसटेबल म्हणतात. अशा फाइली साठल्या की त्या एकत्र करून पुन्हा लिहिल्या जातात; हे कॉम्पॅक्शन. म्हणजे एकच नोंद डिस्कवर अनेकदा लिहिली जाते आणि त्यातलं बरंच काम चाचणी सुरू झाल्यावर उशिरा येतं. कारखान्याच्या यार्डात गाड्या उभ्या राहायला जागा आहे तोवर सगळं सुरळीत दिसतं, तसं.

म्हणून दहा मिनिटांच्या चाचणीवर विश्वास ठेवू नका, किमान तासभर चालवा. चालू असताना ‘नोडटूल कॉम्पॅक्शनस्टॅट्स’ ही कमांड दर थोड्या वेळाने देऊन बघा. बाकी कामांची संख्या सतत चढत असेल, तर आत्ता दिसणारा वेग टिकणारा नाही. ‘नोडटूल टीपीस्टॅट्स’मध्ये म्युटेशनस्टेजच्या (लेखनाच्या टप्प्याच्या) ओळीत पेंडिंग किती, आणि खाली ड्रॉप झालेल्या, म्हणजे वेळेत न झाल्याने सोडून दिलेल्या, म्युटेशन किती, तेही बघा. ड्रॉप शून्य नसेल तर तो आकडा अहवालात घेऊच नका.

क्लाउडच्या डिस्कचा एक सापळा आहे. ॲमेझॉनच्या जीपी२ डिस्कला दर जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनाची कामं) मिळतात, पण साठवलेल्या क्रेडिटवर ती काही काळ ३,००० पर्यंत धावते. १०० जीबीच्या डिस्कचा हक्काचा वेग ३००. भरलेलं क्रेडिट पूर्ण वेगाने वापरलं तर अर्ध्या तासाच्या थोडं पुढे संपतं. मग थ्रूपुट एकदम कोसळतं आणि माणसं डेटाबेसमध्ये बिघाड शोधत बसतात.

डिस्क बघायला ‘आयओस्टॅट’ पुरतं. त्यात लेखनाला लागणारा सरासरी वेळ बघा. डिस्क किती वेळ कामात होती ते सांगणारा टक्केवारीचा रकाना एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या डिस्कवर दिशाभूल करतो, कारण अशी डिस्क अनेक कामं एकदम करते आणि १०० टक्के दिसत असतानाही तिच्यात जागा असते.

विश्रामबागेतल्या ऑफिसात टेबलाखाली ठेवलेल्या मशीनवर एप्रिलमध्ये चाचणी घेत असाल, तर सीपीयूचं तापमानही नोंदवा. तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. सकाळचा आणि दुपारचा आकडा वेगळा आला तर आधी हे बघा.

वेग कशाच्या बदल्यात मिळतोय

तीन प्रतींपैकी किती नोड्सनी होकार दिल्यावर नोंद पूर्ण मानायची, हे तुम्ही ठरवता. एक होकार पुरे म्हटलं की लेटन्सी कमी होते. पण कॅसँड्रा नोंद तिन्ही नोड्सकडे पाठवतोच, वाट तेवढी एकाची बघतो. काम तेवढंच राहतं. त्यामुळे डिस्क भरली असेल तर या बदलाने टिकाऊ वेग मिळत नाही.

मूळ सेटिंगमध्ये कॅसँड्रा कमिटलॉग दर १० सेकंदांनी डिस्कवर पक्का करतो आणि होकार त्याआधीच देतो. दुसरा डेटाबेस प्रत्येक नोंद पक्की करून मगच होकार देत असेल, तर दोघांचे आकडे शेजारी मांडणं अन्यायाचं आहे. दोन्हीकडे हे सेटिंग सारखं करा, मग तुलना करा.

शेवटची फेरी

आता लोड जनरेटर ठरावीक वेगावर बांधा, आमच्या उदाहरणात सेकंदाला १०,०००. पूर्ण वेगाच्या चाचणीत एक तोटा असतो: डेटाबेस अडला की जनरेटरही पाठवायचं थांबतो आणि अडलेल्या क्षणांची लेटन्सी मोजलीच जात नाही. गिल टेने यांनी या दोषाला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ असं नाव दिलं. बागेतली यंत्रं आपल्यासाठी थांबत नाहीत, म्हणून लेटन्सी नोंद पाठवायच्या ठरलेल्या क्षणापासून मोजा. सरासरीबरोबर शंभरातल्या ९९ नोंदी किती वेळात पूर्ण झाल्या तेही लिहा.

तासभर हे टिकलं की चाचणी चालू असतानाच एक नोड बंद करा. त्याच्या वाट्याच्या नोंदी इतर नोड्स त्याच्यासाठी राखून ठेवतात, मूळ सेटिंगमध्ये तीन तासांपर्यंत. अर्ध्या तासाने तो परत सुरू करा आणि राखलेल्या नोंदी त्याच्यापर्यंत पूर्ण पोचेपर्यंत मोजणं थांबवू नका. नव्या आणि जुन्या नोंदींचा भार त्या काळात एकत्र पडतो. त्या वेळी सेकंदाला १०,००० निघत असतील, तर मशीन वाढवायची गरज नाही.